तीन बोटं

"तीन नंबर!" वामन ओरडला. "काकीनं तीन बोटं दाखवली!"

मंडपातली माणसं एकदम वळली. पुष्पलता जोरजोरात मान हलवत होती. नाही, नाही. पण तिची मान बघायला कुणाला वेळ होता? जो तो दोरीपलीकडून चाललेल्या घोड्याकडे बघत होता. पोटावर तीन नंबरची पट्टी बांधलेला चिकू. वर्षभर पर्यटकांची पोरं पाठीवर घेऊन किनाऱ्यावर सावकाश चालणारा, सगळ्यांचा लाडका, आणि शर्यतीत कुणाच्या खिजगणतीतही नसलेला.

आत्तापर्यंत वाद दोनच घोड्यांचा होता. सातपाटीची बिजली अंगाने हलकी, उडी लांब. पण बँड वाजला की बिथरते. एडवणचा तुफान उंच उडी घेतो; फक्त खाली येताना सगळा भार पुढच्या पायांवर टाकतो. त्या तुफानवर पुष्पलताचा मुलगा दर्पण बसणार होता. उड्यांची शर्यत वर्षातून एकदाच, त्यामुळे दुपारपासून मंडपात याचाच कीस काढणं चाललं होतं.

"सख्ख्या पोराचा घोडा सोडून दुसराच दाखवते," वामननं हात जोडले. "हे काकीचं सांगणं नाय. ही देवी सांगते हाय."

पुष्पलताला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. ती बोटं घोड्यासाठी नव्हतीच. ती तिसऱ्या अडथळ्यासाठी होती.

पहाटे ती समुद्राला नमस्कार करायला आली होती, तेव्हा वाळूत रुतलेली एक जुनी होडी ट्रॅक्टर लावून उपटली जात होती. होडी निघाली, तिच्या जागी खोल खड्डा राहिला, ट्रॅक्टरवाले तो तसाच सोडून बोईसरला परतले. मग भरती आली आणि दुपारी ओसरली. मागे राहिलं ते किनाऱ्यावर नेहमी असतं तसं एक डबकं, वरून घोट्याएवढं दिसणारं. बांबू रोवणाऱ्यांनी तिसरा अडथळा नेमका त्याच्याच अलीकडे उभा केला होता. घोडा उडी घेणार आणि थेट त्यात उतरणार.

एका वाक्याचं काम होतं. पण तेच वाक्य तिला बोलता येत नव्हतं. गेल्या वर्षी दर्पण पडला, खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा तिनं देवीपुढे पदर पसरला होता. शर्यतीच्या दिवशी सगळे घोडे परत येईपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही, माझं पोर सांभाळ. रोजचे नेम तिनं अंगात ताप असतानाही चुकवले नव्हते. हा तर पोराच्या जिवासाठी धरलेला. तो कसा मोडायचा?

अक्षरांशी तिची ओळख सहीपुरतीच. ती खाली वाकली. ओल्या वाळूत तिनं तीन उभ्या रेघा ओढल्या. तिसऱ्या रेघेपुढे मोठा गोल काढला आणि त्या गोलावर बोट आपटत राहिली. बघा. इथं. इथं!

वामननं गुडघ्यांवर हात टेकून निरखलं. त्याचे डोळे चमकले.

"तीन... आणि शून्य! तीन नंबर पहिला, बाकी सगळे शून्य!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलं आणि त्याच्या गुडघ्यांखाली रेघा पुसून गेल्या.

ती नामदेवकडे धावली. नामदेव तिचा दीर, शर्यतीचा प्रमुख. शर्यत सुटायची ती त्यानं माईकवर शब्द दिल्यावरच. तिनं त्याची बाही ओढली, डबक्याकडे हात केला, मूठ वळून खाली खोल नेली.

"समजलं, वयनी. बाकीच्यांना चिकू मातीत घालणार," तो हसला. "आता बसा बघू जरा."

दूर किनाऱ्याच्या टोकाला घोडे रांगेत लागले. तुफानवरचा लाल शर्ट तिला दिसला. झेंडेवाला पुढे झाला.

तिनं डोळे मिटले. देवीशी ती काय बोलली ते तिचं तिलाच ठाऊक.

"तिसऱ्या बांबूमागं खड्डा हाय! माणूस बुडेल एवढा! थांबवा!"

वामनचा चेहरा पडला.

"काकी, मोडलंत मौन?" तो हळहळला. "इतका वेळ तुमच्यातून देवी बोलत होती. आता आई बोलते. दर्पण हरणार म्हटल्यावर नाय ना बघवलं तुमाला?"

"अरे मेल्या, या डोळ्यांनी बघितलंय मी!"

"डबकं हाय ते, वयनी. पोरांनी बांबू रोवले ना तिथंच," नामदेव माईक बाजूला धरून समजुतीनं म्हणाला. "आईचं काळीज, होतं असं. पाणी द्या रे त्यांना."

पाण्याचा ग्लास पुढे आला. तिनं तो घेतला नाही. जन्मात कधी कुणाला चढ्या आवाजात न बोललेली ती बाई, एका शब्दासाठी वर्षभरापूर्वी धरलेला नेम मोडून बसली होती, आणि तो शब्दही वाया गेला होता. तिनं पदर कमरेला खोचला. दोरीखालून वाकून ती पलीकडे निघाली.

"वयनी, मागे या! घोडे सुटायचे हायत!"

ती थांबली नाही. तिसऱ्या अडथळ्याला वळसा घालून ती पाण्याशी आली. घोट्याएवढ्या दिसणाऱ्या त्या पाण्यात तिनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि मंडपातल्या माणसांना तिचं नुसतं डोकं दिसू लागलं.