भेगेचा फोटो

"साहेब, तो फोटो तुम्ही बिघडवलात!" फोटोवाली दार ढकलून थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली.

कारखान्याच्या भिंतीला भेग गेली होती. पॅकिंगच्या बायकांनी ओरडून ओरडून घसा कोरडा केला, तेव्हा कुठे तपासनीस म्हणाला, फोटो पाठवा. फोटोवालीची धाकटी बहीण त्याच भिंतीला पाठ लावून बसायची, म्हणून ही कॅमेरा घेऊन धावत आली. बाजूच्या खिडकीतून ऊन आत घुसत होतं. ते अडवायला तिने लेन्सच्या तोंडाला हूड चढवलं, तर साहेब हसले. "ओ ताई, हे नरसाळं कशाला? काढा ते, बायका बुजतात." आत यायची परवानगी त्यांचीच, तिने काढलं. उन्हात स्क्रीनवर धड काही दिसेना, वर साहेबांची घाई. घरी जाऊन बघते तर तिरप्या उन्हाने फोटोभर पांढुरका पडदा चढलेला. दुसऱ्यांदा तिला कुणी आत सोडलं नाही. तपासनिसाने शेरा मारला, भेग दिसत नाही. नवव्या दिवशी भिंत कोसळली आणि बहिणीचे दोन्ही पाय गेले.

"मला फोटोतलं काय कळतंय?" साहेब म्हणाले. "तुम्हीच कच्च्या निघालात."

"मीही तेच समजून स्वतःला शिव्या घालत बसले होते. पण हूड काढल्यावर मी लेन्सवर हाताची सावली धरली, तेव्हा तुम्ही तो हात धरून खाली केलात. नेमका ऊन अडवणारा हात! ज्याला काही कळत नाही, तो असं करतो होय? बोला साहेब, ती भिंत पडणार हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"