सहाची पाटी

वहिनींनी खांबावरची नऊची पाटी काढून धाकट्या दिराच्या हातात दिली आणि तिथे पुन्हा सहाची अडकवली. सकाळपासून हे दुसऱ्यांदा घडत होतं.

"दोननंतर अ, ब, क आणि मग परत तीन?" दीर म्हणाला. "उद्या स्पर्धेला बाहेरगावचे खेळाडू येतील, वहिनी. म्हणतील, इथल्या लोकांना उजळणी येत नाही."

"म्हणू देत."

खेळ तसा साधा. तबकडी भिरकावायची, खांबावरच्या साखळ्यांच्या टोपलीत पाडायची आणि पुढच्या टोपलीकडे चालू लागायचं. अशा अठरा टोपल्या. गेल्या वर्षी पहिल्यांदाच तळं फुगलं आणि काठच्या तीन टोपल्या पाण्यात गेल्या. पाणी ओसरेपर्यंत मैदानाची तात्पुरती आखणी करावी लागली. ती दादाने केली होती, वहिनींच्या नवऱ्याने. यंदा तळं पुन्हा फुगलं. दादा नव्हता. वहिनींनी काम मागून घेतलं.

आखणी त्यांनी झकास केली होती, हे दिरालाही कबूल होतं. वरच्या मोकळ्या भागात, दुसऱ्या टोपलीनंतर, त्यांनी तीन टोपल्या वाढवल्या होत्या. एकाची तबकडी दुसऱ्याच्या डोक्यावर येणार नव्हती. फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांची पायवाट मोकळी होती. प्रत्येक जागेवरून स्वतः फेकून त्यांनी वारा पाहून घेतला होता. घोडं पेंड खात होतं ते आकड्यांपाशी. जुन्या टोपल्यांचे आकडे हलवायचे नाहीत, बंद पडलेल्यांचे गाळायचे, नव्यांना अक्षरं द्यायची. एवढ्यावर त्या अडून बसल्या होत्या.

दादाचं असं नव्हतं. त्यानेही नव्या टोपल्या तिथेच घातल्या होत्या, पण मग पुढच्या सगळ्यांना नव्याने आकडे दिले होते. तिसरी ती सहावी झाली, उताराखालची सहावी ती नववी. एक ते अठरा, नाकासमोर. "माणूस मोजत चालला की चुकत नाही," असं तो म्हणायचा. घरातल्यांकडून त्याने नवे आकडे पाठही करून घेतले होते.

आणि त्याच आठवड्यात तो गेला. इथेच, उताराखाली, याच टोपलीपाशी, एकटा.

दिराच्या मनात तेव्हापासून अढी होती. घर मैदानाच्या फाटकाला लागून. हाक मारली तरी ऐकू जावी. मग वहिनींना पोचायला एवढा उशीर का झाला? त्याने कधी विचारलं नव्हतं. पण ज्या वेळेवर आल्या नाहीत, त्याच आता दादाची आखणी पुसतायत, हे त्याला सहन होईना.

"दादाच्या हातचं हे शेवटचं काम होतं," तो म्हणाला. "तेसुद्धा तुम्हाला नको?"

वहिनी खांबाला टेकून गवतावर बसल्या. वाऱ्याने वर साखळ्या वाजत होत्या.

"शेवटचा फोन मलाच आला होता, भाऊजी," त्या म्हणाल्या. "म्हणाले, छातीत कळ आलीय, सहापाशी बसलोय, लगेच ये."

"सहापाशी कसा? तो तर नऊ..." दीर म्हणाला. त्याची नजर वर गेली. दादाची सहावी टोपली मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होती, भिंतीजवळ.

"मी पायात चप्पलही घातली नाही. वरच्या सहापाशी गेले. त्यांनीच पाठ करून घेतलं होतं ना. तिथे कुणीच नाही. फोन लावला, तो उचलेनात. मला वाटलं, बरं वाटलं असेल, निघाले असतील. परत घराकडे धावले. घरी नाहीत म्हणून पुन्हा वर." त्यांनी खांबावर हात ठेवला. "आणि ते इथे. सहापाशीच. इतकी वर्षं जी सहावी होती, तिच्यापाशी. जीव घाबरला की तोंडी जुनाच आकडा येतो, भाऊजी."

वर्षभर आपण या बाईला मनातल्या मनात काय काय बोललो, ते आठवून दिराला स्वतःचीच लाज वाटली.

"हे सांगितलं का नाही कुणाला?"

"काय सांगू? त्यांचाच नीटनेटकेपणा त्यांना नडला म्हणून?"

त्याने हातातली नऊची पाटी पाहिली. मग ती घेऊन तो निघाला आणि पहिल्यापासून जी नववी होती तिच्यावर अडकवून आला. बाकीच्या पाट्याही त्यानेच बदलल्या.

दुसऱ्या दिवशी पाहुणे खेळाडू आले. दोननंतर अ पाहून एक जण हसत म्हणाला, "काय हो, उजळणी विसरलात की काय?"

"नाही," दीर म्हणाला. "ती विसरता येत नाही, म्हणूनच असं."