बारीक ठिपका

बंदुकांच्या दुकानाचा मालक वेड याने काउंटरवर दोन रिकामी पिस्तुलं ठेवली. दोन्हींवर रेड डॉट बसवलेला होता. अंगठ्याच्या पेराएवढी काच, तिच्यातून पाहिलं की लाल ठिपका दिसतो. एकीतला ठिपका मोठा होता, दुसरीतला बारीक.

"मोठा घ्या, व्हर्नाबाई," तो म्हणाला.

व्हर्ना हॅडलीने मोंटानातल्या त्या गावात शाळेची बस चालवण्यात आयुष्य काढलं होतं आणि क्लबची नेमबाजीची स्पर्धा एकाही हिवाळ्यात चुकवली नव्हती. आता सत्तरी उलटली होती आणि उजवा हात थरथरायला लागला होता. यंदा क्लबवाल्यांनी गोड बोलून सुचवलं, की तू टेबलापाशी बस, कॉफी पी, गुण मोज. ते ऐकून ती घरी आली आणि जोलीनला, आपल्या मुलीला, गाडी काढायला लावली. जोलीन दुकानात दाराशीच उभी होती. कोटही काढला नव्हता.

व्हर्नाने पहिलं पिस्तूल उचलून मागच्या भिंतीवर रोखलं. मोठा ठिपका संथपणे हलत राहिला. मग दुसरं उचललं. बारीक ठिपका तापल्या तव्यावरच्या थेंबासारखा नाचायला लागला.

"म्हणूनच मोठा म्हणतोय," वेड म्हणाला. "थरथर जाणवत नाही."

"जाणवत नाही, की होत नाही?"

वेड काउंटर पुसायला लागला. होतेच, पण दिसत नाही, असं काहीतरी पुटपुटला. खरं तर काहीच घेऊ नका, या वयात कशाला हवं, असंही म्हणाला.

"जोलीनने फोन केला होता ना तुला?" व्हर्ना म्हणाली. "लहानपणी माझ्या बसमध्येसुद्धा तू खोटं बोलताना खालीच बघायचास."

जोलीन पुढे आली. हो, केला होता फोन. चारचौघांत आईचं हसं झालेलं तिला बघवणार नव्हतं, एवढंच.

"मग तू बघू नकोस," व्हर्ना म्हणाली. "मला मात्र माझा हात काय करतोय ते नीट दिसायला हवं. बारीकच दे."

दुकानामागे मातीच्या बांधासमोर नेमाच्या पाट्या लावलेल्या होत्या. बर्फ झाडून वेडने एक पाटी मोकळी केली. व्हर्नाची पहिली गोळी बांधात गेली. दुसरी पाटीच्या कडेला लागली. मग तिने घाई सोडली. ठिपका फार नाचला की हात खाली घ्यायची, श्वास सोडायची, पुन्हा रोखायची. एक गोळी काळ्या वर्तुळात बसली. त्यापुढची पुन्हा बाहेर गेली.

वेडने पाटी न्याहाळली. शेवटचा नंबर येईल, त्याने सरळच सांगितलं. या वेळी तो तिच्याकडे बघून बोलला.

"येऊ दे," ती म्हणाली. "खेळणाऱ्यांतला शेवटचा ना?"

ती मॅगझिनमध्ये पुन्हा गोळ्या भरायला लागली. एक गोळी बोटांतून निसटून बर्फात पडली. जोलीनने ती उचलून दिली आणि घरी चल म्हणायला जवळ येऊन उभी राहिली. तिची सावली आईच्या हातांवर पडली.

"बाजूला हो," व्हर्ना मान वर न करता म्हणाली. "माझ्या उजेडात उभी आहेस."