कौल
समीक्षाला पॅरामेडिकचा कोर्स करायचा होता. "अँब्युलन्सीतून फिरणा चेडवाचा काम न्हय," म्हणत बाबा मुलीसाठी म्हापशाच्या कॉलेजातल्या बी.कॉम.वर अडून बसले. शेवटी गावच्या देवळात कौल लावायचं ठरलं. भटजींनी देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर पॅरामेडिक, डावी तर बी.कॉम. सगळे टक लावून बसले. इतक्यात मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीच पूजेला बसलेले भटजी कोसळले. फोन करून बोलावलेल्या अँब्युलन्समधून समीक्षाहून थोडीच मोठी मुलगी उतरली. तिने बोट टोचून साखर तपासली, शीर शोधून ग्लुकोज सोडलं. पांढऱ्याफटक चेहऱ्यावर हळूहळू रंग चढला आणि भटजींनी डोळे उघडले. देवाकडे पाठ करून बाबांनी नकळत तिलाच हात जोडले. स्ट्रेचरवरून भटजींनी बाबांना पुटपुटत विचारलं, "शिवदास, पाकळी खंयची पडली?" मागे वळूनही न बघता बाबा म्हणाले, "उजवी."