नाराच्या वाटेवरचा बोगदा

बोगद्याआधी

ओसाकाहून गाडी सुटली तशी आईला हुरूप आला. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि तिला एकदा नारा शहरातली हरणं बघायची होती. ती खिडकीशी, मी शेजारी, धाकटी बहीण मिसाओ समोर.

"डबे उघडा की! तोंडं अशी करून बसलाय, जसं मला पोचवायलाच निघालात."

"आई, गप गं," मिसाओ म्हणाली.

"मी गप्प बसले तर तुम्हाला रागावणार कोण?"

बोगद्यात

खिडकीची काच काळी झाली आणि आम्ही तिच्यात दिसू लागलो.

काचेतली मिसाओ जेवणाच्या काड्यांनी माझ्या काड्यांत काहीतरी पांढरं देत होती. आमच्यात काड्यांतून काड्यांत एकच गोष्ट देतात. दहनानंतरच्या अस्थी.

मी खाली पाहिलं. डबे बंदच होते. मिसाओचे हात मांडीवर होते, नजर मात्र काचेवर खिळली होती. तिनेही ते पाहिलं होतं.

काचेत आई कुठेच नव्हती.

इकडे आई त्याच काचेत बघून केस सारखे करत होती. "काय रे तात्सुओ," तिने हसत विचारलं, "आज बरी दिसतेय ना मी?"