साफ आवाज

सौसरजवळ स्नेहाच्या सासरी मोबाईलला रेंज नव्हती, फोन चालायचा तो फक्त घरच्या वायफायवर. ती मागच्या अंगणात, न्हाणीच्या आडोशाला येऊन बोलायची, म्हणून आवाज तुटायचा. पण त्या तुटक्या आवाजातच ती पांढुर्ण्यातल्या बापाला, उत्तमला, खरं ते सांगायची. नवरा मारतो म्हणायची, अन् "अजून थोडे दिवस पाहू, बाबा" म्हणून रडायची.

आठ दिवसांपासून मात्र आवाज एकदम साफ येत होता. "मी मजेत हाय, बाबा. तुमी येऊ नका."

"शब्द न् शब्द ऐकू येऊन राहिला आता," स्नेहाची आई इंदू सुखावून म्हणाली. "सुधरलं वाटते सारं."

त्या दिवशी उत्तमनं चारदा फोन लावला. एकदा तरी खरखर यावी म्हणून फोन कानाशी दाबून धरला. चारही वेळा आवाज साफच. त्यानं चपला पायात सरकवल्या.

"कुठं चालले तुमी?" इंदूनं विचारलं.



"पोरीला आणाले. वायफायचा डबा बैठकीत हाय, इंदू. तिच्या सासऱ्याच्या खुर्चीमागं."