चिपमधला आवाज

आईच्या कानामागची चिप बनवणारी कंपनी बुडाली. चिप बिघडली आणि आईला बाहेरचं काही ऐकू येईना. तिच्यासाठीच ऋजुतानं इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश घेतला. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून तिनं चिप दुरुस्त करायचं यंत्र बनवलं आणि आईला कॉलेजच्या लॅबमध्ये आणून बसवलं.

"आता ऐकू येईल," तिनं पडद्यावर टाइप केलं. "फक्त चिपमध्ये साठलेले जुने आवाज पुसले जातील. ते वाचवता येत नाहीत."

आईनं झटकन कानामागं हात धरला. "ह्यांचासुद्धा?"

ऋजुता चपापली. बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आई त्यांचा आवाज रोज ऐकत असते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"माझा आवाज नाही ऐकायचा तुला?"

ते वाचून आईचे डोळे भरले. "ऐकायचाय गं. पण तू समोर तरी आहेस."

ऋजुतानं यंत्र बंद केलं.

घरी जाताना बसमध्ये आई मध्येच खुदकन हसली. बाबा काहीतरी बोलले असणार.

"मलाही सांग ना," ऋजुता म्हणाली.

आई खिडकीबाहेर बघत राहिली.